व्याकरण स्वस्त, स्वर महाग: मराठीतून मंगोल शिकताना

मंगोल शिकायला बसलो तेव्हा हाताशी इंग्रजीतलं पाठ्यपुस्तक होतं आणि सुरुवातीचे आठवडे त्याच्याच क्रमाने गेले. तो क्रम मराठी माणसाच्या कामाचा नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, प्रत्यय नामाला मागून चिकटतो, ‘खाऊन गेला’ अशी रचना असते, हे समजावण्यात त्यात पानंच्या पानं जातात. ते आपल्याला पाच मिनिटांचं काम. उलट सात स्वर अर्ध्या पानात उरकलेले असतात, आणि आपली खरी दमछाक तिथेच होते. म्हणून दुसऱ्यांदा वही घातली ती मराठीतून: आधी कान, मग लिपी, मग प्रत्यय, आणि उभी जुनी लिपी सर्वांत शेवटी.

हे सगळं मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये बोलल्या जाणाऱ्या खाल्खा बोलीबद्दल आहे. चीनमधल्या अंतर्मंगोलियातली बोली कानाला बरीच वेगळी लागते आणि तिथे रोजच्या वापरातली लिपीही वेगळी. मंगोल शब्द खाली देवनागरीत ऐकू येतात तसे लिहिले आहेत. ‘ऽ’ दिसला की स्वर लांबवायचा.

लिपीला पाच दिवस पुरले. मंगोलियाची रोजची लिपी सिरिलिक. १९४१ मध्ये ती घ्यायचं ठरलं आणि १९४६ पासून ती सर्वत्र लागू झाली. रशियनची ३३ अक्षरं आणि मंगोल स्वरांसाठी जोडलेली दोन, अशी एकूण ३५. नवी अक्षरं त्रास देत नाहीत, ओळखीची वाटणारी देतात. इंग्रजी एच दिसतो तो ‘न’, पी दिसतो तो ‘र’, सी म्हणजे ‘स’, बी म्हणजे ‘व’, एक्स म्हणजे घशातला ‘ख’. पाटीवर ‘पेक्टोपाह’ वाचलंत तर ते ‘रेस्तोरान’ आहे. यावर उपाय एकच: इंटरनेटवर उलानबातरच्या रस्त्यांचे फोटो शोधायचे आणि पाट्या मोठ्याने वाचायच्या. ‘एमीन सान’ म्हणजे औषधाचं दुकान, ‘देल्गूर’ म्हणजे दुकान, ‘खुन्स्नी देल्गूर’ म्हणजे किराणा. (‘खुन्स’ म्हणजे अन्नधान्य, दचकू नका.) हाताने लिहायची सिरिलिक मात्र छापील अक्षरांपेक्षा वेगळी दिसते. छापील टी हाताने लिहिताना इंग्रजी लहान एमसारखा होतो. कुणी चिठ्ठी लिहून दिली की हे लक्षात असलेलं बरं.

आता स्वर. आ, ए, इ यांचं काही नाही, फक्त मंगोल ‘अ’ हा आपला ‘आ’च पण आखूड असतो, ‘घर’ मधला ‘अ’ नव्हे. ‘ऑफिस’ मधला ‘ऑ’ आपल्या तोंडात आहेच. उरतात तीन, आणि सगळा पाढा त्या तिघांचा. त्यांना मी वहीत दिसतील तशी नावं दिली. ‘तिरपा उ’, म्हणजे इंग्रजी लहान वायसारखा, शेपटी तिरकी. ‘सरळ उ’, म्हणजे मोठ्या वायसारखा, दांडी थेट खाली. आणि ‘पट्ट्याचा ओ’, म्हणजे ओच्या पोटावर आडवी रेघ.

सरळ उ हा जवळजवळ आपला नेहमीचा ‘उ’. तिरपा उ काढताना जिभेचं मूळ मागे जातं, घसा रुंदावतो, जांभई देता देता ‘उ’ म्हटल्यासारखं. मराठी कानाला तो अर्धा ‘ओ’ वाटतो आणि वाटू द्यावा. पुस्तकं रोमन लिपीत सरळ उ दोन टिंबांच्या यूने दाखवतात, त्यामुळे ज्यांचं आधी थोडंफार जर्मन झालंय ते ओठांचा चंबू पुढे काढून जर्मन स्वर म्हणतात. खाल्खात तो चुकीचा, आणि एकदा सवय लागली की सोडवायला महिना जातो. पट्ट्याच्या ओला ओठ ‘ओ’चे ठेवायचे, पण जीभ तोंडाच्या मधोमध आणायची. ऐकताना तो ‘ओ’ आणि ‘उ’ यांच्यामध्ये कुठेतरी पडतो.

फरक नुसता ऐकण्याचा नाही, अर्थाचा आहे. ‘उस’ तिरप्या उने म्हटलं तर पाणी, सरळ उने म्हटलं तर केस. ‘दू’ तिरप्याने गाणं, सरळने धाकटं भावंड. ‘सुम’ तिरप्याने बाण (आणि तालुक्यासारखा प्रशासकीय विभागही), सरळने देऊळ. ‘ऊल’ तिरप्याने डोंगर, सरळने ढग. ‘खॉल’ म्हणजे लांब, आणि तेच पट्ट्याच्या ओने म्हटलं तर पाय. अशा वीस जोड्या मंगोल बोलणाऱ्या माणसाकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्यायच्या, उलटसुलट क्रमाने लावायच्या आणि ऐकून अर्थ लिहायचा, स्पेलिंग नाही. स्पेलिंग लिहिलं की मेंदू अंदाज बांधतो. अर्थ लिहिला की तोंडघशी पडतो, आणि तेच हवं असतं. रोज दहा मिनिटं. विसातल्या अठरा बरोबर यायला मला तीन आठवडे लागले. त्याआधी पुढे सरकण्यात काही अर्थ नव्हता, कारण व्याकरणातला प्रत्येक प्रत्यय याच स्वरांवर ठरतो.

लांबीचंही तसंच. ‘आव’ म्हणजे घे, ‘आऽव’ म्हणजे वडील. ‘त्सास’ बर्फ, ‘त्साऽस’ कागद. ‘थॉस’ तेलतूप, ‘थॉऽस’ धूळ. ऱ्हस्वदीर्घ लिहिताना आपण पाळतो, बोलताना फारसं नाही, म्हणून इथे घसरायला होतं. लांब स्वर अगदी दुप्पट वेळ धरायचा, लाज न बाळगता.

याच्या उलट पहिल्या अक्षरानंतरचे आखूड स्वर जवळजवळ गिळले जातात. लिहिताना ‘साइन बाइना ऊ’, बोलताना ‘सैम् बैनू’. लिहिताना ‘बायार्लालाऽ’ (आभार), बोलताना ‘बायर्ल्लाऽ’. इंग्रजीतून शिकणारे याला हैराण होतात. आपण मात्र ‘करतो’ लिहून ‘कर्तो’ म्हणतो, ‘बोलणं’ लिहून ‘बोल्णं’ म्हणतो. तीच खोड, थोडी जास्त. मग न उच्चारलेला स्वर लिहायचाच कशाला? कधीकधी तो आधीच्या व्यंजनाचा उच्चार सांगतो. शब्दाच्या शेवटी नुसता न आला तर तो ‘ङ्’ होतो, न नंतर स्वर लिहिला तर स्वच्छ ‘न’. म्हणून राजा ‘खाङ्’ आणि भिंत ‘खान्’. भिंतीच्या शेवटी लिहिलेला ‘आ’ कुणी म्हणत नाही, तो फक्त न राखायला उभा आहे.

व्यंजनांत मराठीला एक घबाड मिळतं. मंगोलमध्ये ‘चाक’ मधला च आणि ‘चिमणी’ मधला च ही दोन वेगळी अक्षरं आहेत, ‘जाळं’ मधला ज आणि ‘जीव’ मधला ज हीसुद्धा. हिंदीभाषकाला हे वेगळे काढायला कष्ट पडतात, आपल्याला जन्मजात येतात. एवढंच ध्यानात ठेवायचं की दोन्ही च श्वास सोडून म्हणायचे, चिमणीचा च जवळपास ‘छ’ होईपर्यंत, आणि दोन्ही ज मऊ, फारसा घोष न देता. त-द चंही तेच: एक ‘थ’ कडे झुकलेला, दुसरा त आणि द यांच्यामधला. पाव म्हणजे ‘थाल्ख’. ‘ताल्ख’ म्हटलं की ऐकणारा क्षणभर अडखळतो.

घाम काढतो तो ‘ल’. जीभ आपल्या ल च्याच जागी ठेवायची, टोक दातांमागे टेकलेलं, आणि दोन्ही कडांनी हवा घासत बाहेर सोडायची. करून पाहण्याची रीत: ‘ल्ल्ल्’ धरून ठेवा, जीभ अजिबात न हलवता श्वासाचा जोर वाढवा, खरखर ऐकू येईपर्यंत. ल मध्ये ‘झ’ची वाफ मिसळल्यासारखा आवाज येतो. आपला साधा ल चालतो, कळतो. पण ऐकताना या ल ला श किंवा झ समजून शब्दकोशात भलतंच पान उघडण्याचं काम पहिल्या महिन्यात हमखास होतं.

स्वर कानात बसले की स्वरमेळ आपोआप कळतो. मंगोल माणूस शब्दांना पुल्लिंगी-स्त्रीलिंगी म्हणतो, पण त्याचा आपल्या लिंगाशी संबंध नाही. ‘एर’ म्हणजे नर शब्दात आ, ऑ, तिरपा उ. ‘एम’ म्हणजे मादी शब्दात ए, पट्ट्याचा ओ, सरळ उ. ‘इ’ दोन्हीकडे बसतो. एका शब्दात दोन्ही गट मिसळत नाहीत आणि प्रत्यय शब्दाच्या गटाप्रमाणे रंग बदलतो. आपल्या ‘ऊन/हून’ला मंगोल प्रत्यय चार रूपांत येतो: ‘आऽस’, ‘एऽस’, ‘ऑऽस’ आणि पट्ट्याचा ‘ओऽस’. हात ‘गार’, हातातून ‘गाराऽस’. घर ‘गेर’, घरातून ‘गेरेऽस’. पुस्तक ‘नॉम’, पुस्तकातून ‘नॉमॉऽस’. पाय ‘खोल’, पायातून ‘खोलोऽस’. यात एक खोच आहे. ऑच्या शब्दात मध्ये लांब ‘ऊ’ आला की ऑची साखळी तुटते. ‘ऑरॉख’ म्हणजे आत जाणं, भूतकाळ ‘ऑर्सॉन’. त्याचंच प्रयोजक ‘ऑरूलाख’, आत घालणं, आणि भूतकाळ ‘ऑरूल्सान’, ‘-सॉन’ नव्हे. कुठलंही पुस्तक हे तळटीपेत टाकतं, आणि बोलताना मात्र रोज लागतं.

विभक्तीचा तक्ता शाळेत ‘स ला ते’ घोकून आलेल्याला नवा नाही. ‘-ईन’ म्हणजे चा-ची-चे (पण लिंगवचन काही नाही), ‘-आऽर’ म्हणजे ने, ‘-थै’ म्हणजे सोबत, ‘-द’ म्हणजे ला आणि त दोन्ही. ‘बसने’ला ‘आव्थोबुसाऽर’, ‘माझ्याहून मोठा’ला ‘नादाऽस थॉम’. तुलना ‘हून’नेच, जशी आपली. ‘-थै’ने विशेषणंही होतात: ‘आम्थ’ म्हणजे चव आणि ‘आम्थ्थै’ म्हणजे चवदार. दुधाचा चहा ‘सूथे त्साइ’, आणि त्यात मीठ असतं हे आधी माहीत असू द्या. ‘शिवाय’साठी ‘-ग्वी’. ‘दाव्स’ म्हणजे मीठ, बिनमिठाचं ते ‘दाव्स्ग्वी’.

फसगत होते ती लपलेल्या न ने. काही नामांच्या पोटात एक न दडलेला असतो. एकटा शब्द उभा असला की दिसत नाही, ठरावीक विभक्त्यांतच डोकं वर काढतो. पाण्याचा शब्द घ्या:

उस: पाणी
उस्नी: पाण्याचा
उसान्द: पाण्यात
उस्नाऽस: पाण्यातून
उसीग: पाणी (कर्म)
उसाऽर: पाण्याने
उस्थै: पाण्यासकट

षष्ठी, सप्तमी, पंचमीत न आहे, बाकीच्यांत नाही. आता पुस्तक: ‘नॉमीन, नॉम्द, नॉमॉऽस, नॉमॉऽर’. न कुठेच नाही. हे आपलं सामान्यरूपच आहे, पाणी-पाण्याला आणि घोडा-घोड्याला सारखं, फक्त अर्ध्याच विभक्त्यांत आणि मोजक्याच शब्दांत. कुठल्या शब्दात न आहे याचा नियम शोधण्यात वेळ घालवू नका. मी प्रत्येक नाम तीन रूपांत पाठ केलं, नुसतं, ‘ऊन’ लावून आणि ‘ने’ लावून: ‘उस, उस्नाऽस, उसाऽर’, ‘नॉम, नॉमॉऽस, नॉमॉऽर’. पहिल्या दोन रूपांत न आहे की नाही ते कळतं, तिसऱ्यात स्वरमेळ पक्का होतो. शब्दाच्या कार्डावर अर्थ लिहिण्याआधी ही तीन रूपं.

आकड्यांतही तोच न. मोजताना ‘गुराव’ म्हणजे तीन, पण तीन पुस्तकं ‘गुर्वान नॉम’. ‘थाव’ पाच, ‘थावान’ पाच (काहीतरी). एक ते दहात फक्त ‘नेग’ आणि ‘खॉयर’, एक आणि दोन, बदलत नाहीत. आकडा आला की अनेकवचन लावायचं नाही, आकड्यातच सगळं आलं.

वाक्यरचनेचा भाग मात्र घरचा. एक वाक्य उलगडून पाहू: ‘बी ओचिग्दोर देल्गूरेऽस थाल्ख आवाऽद गेर लूगेऽ खार्सान’. बी म्हणजे मी, ओचिग्दोर काल, देल्गूरेऽस दुकानातून, थाल्ख पाव, आवाऽद घेऊन, गेर लूगेऽ आपल्या घरी, खार्सान परतलो. शब्दाला शब्द ठेवा: मी काल दुकानातून पाव घेऊन आपल्या घरी परतलो. एकही शब्द हलवावा लागला नाही. ‘घेणे’मध्ये आपण विकत घेणंही धरतो, ‘आवाख’मध्येही तसंच. ‘आवाऽद’ची शेपटी म्हणजे आपला ‘-ऊन’. ‘लूगेऽ’च्या शेवटचा ‘गेऽ’ म्हणजे ‘आपलं’, कर्त्याचं स्वतःचं. इंग्रजीत हे सगळं मोडून सांगावं लागतं. आणि ‘कडे’साठी मूळ प्रत्यय ‘रू’ आहे, पण शब्द र ने संपला की ‘लू’ होतो, म्हणून ‘गेर लू’.

संयुक्त क्रियापदं पाहिली की हसू येतं, इतकी ओळखीची. ‘बिचिख’ लिहिणे. ‘बिचिज आवाख’ लिहून घेणे, ‘बिचिज ओगोख’ लिहून देणे. ‘इदेख’ खाणे, ‘इदेज उजेख’ खाऊन बघणे. ‘उजेख’ म्हणजे बघणे, आणि दोघांचाही अर्थ चाखून पाहणे. ‘गेज’ म्हणजे आपला ‘म्हणून’, तोही ‘म्हणणे’ या क्रियापदापासूनच आलेला. ‘येतो म्हणून सांगितलं’ हे वाक्य जसंच्या तसं जातं: ‘इर्ने गेज खेल्सेन’. नाव सांगतानाही ‘नामाइग अमुक गेदेग’, म्हणजे ‘मला अमुक म्हणतात’. ‘आई आणि बाबा’ऐवजी ‘आऽव एऽज खॉयर’, बाबा-आई दोघं. आपल्या ‘चहाबिहा’सारखं त्यांचं ‘त्साइ-माइ’, पुस्तकबिस्तक ‘नॉम-मॉम’. आपण ब लावतो, ते म. शब्दच म ने सुरू झाला तर ज, म्हणून मांसबिंस ‘माख-जाख’.

इथे बिघडतं ते ‘आहे’मुळे. मराठीत ‘मी शिक्षक आहे’, म्हणून आपण ‘बी बाग्श बैन’ म्हणतो. मंगोलमध्ये नुसतं ‘बी बाग्श’ पुरे. ‘बैन’ लावलं की ‘इथे आहे’ किंवा ‘असं दिसतंय’ असा अर्थ डोकावतो. नकारही दोन प्रकारचा: नामाला ‘बिश’, क्रियापदाला ‘-ग्वी’. ‘शिक्षक नाही’ला ‘बाग्श बिश’, ‘जाणार नाही’ला ‘यावाख्ग्वी’, ‘गेलो नाही’ला ‘यावाऽग्वी’. शिक्षकाला ‘-ग्वी’ लावलं तर अर्थ होतो शिक्षक नसलेला, म्हणजे बिनशिक्षकाचा वर्ग.

क्रियापदाला पुरुष नाही, लिंग नाही, वचन नाही. मी, तू, ती, ते सगळे ‘यावन’. आपल्याला हे इतकं सोपं वाटतं की पहिले काही दिवस काहीतरी विसरतोय असं वाटत राहतं. त्याचं उट्टं भूतकाळ काढतो. पावसाचं एकच उदाहरण पुरेल. ‘बॉरॉऽ’ म्हणजे पाऊस, आणि तो ‘पडत’ नाही, ‘आत येतो’.

‘बॉरॉऽ ऑर्सॉन’: पाऊस पडला, साधी नोंद, बोलताना सर्वाधिक हेच.
‘बॉरॉऽ ऑर्लॉऽ’: पाऊस आला! आत्ता, डोळ्यांसमोर.
‘बॉरॉऽ ऑर्जेऽ’: पाऊस पडून गेलेला दिसतोय. पाहिला नाही, ओली जमीन पाहून कळलं.
‘बॉरॉऽ ऑरॉव’: पाऊस पडला, पण हे छापील बातमीचं आणि गोष्टीच्या पुस्तकाचं रूप. गप्पांत वापरलं तर माणूस वर्तमानपत्र वाचून दाखवतोय असं वाटतं.

दुसऱ्या रूपाची गंमत म्हणजे ते होऊ घातलेल्या गोष्टीलाही चालतं. निघताना ‘बी याव्लाऽ’ म्हणतात, अजून दारातच असतात. आपण ‘बरंय, निघालो’ म्हणतो ते चपलेत पाय घालताना. हे रूप मला कुठल्याही तक्त्याने शिकवलं नाही, ‘निघालो’ने शिकवलं. तिसरं रूप वापरायला शिकल्याशिवाय ऐकीव गोष्ट नीट सांगता येत नाही. 

हाक मारायचं अवघड नाही. मोठ्यांना ‘था’, बरोबरीच्यांना आणि लहानांना ‘ची’. वयाने मोठ्या पुरुषाला नावानंतर ‘आख’, बाईला ‘एग्च’, म्हणजे आपलं दादा आणि ताई. बसमधल्या अनोळखी माणसालाही हेच चालतं. दोन शब्दी नावात पहिला शब्द वडिलांचा, षष्ठीत; माणसाला हाक दुसऱ्या शब्दाने मारायची. फोन उचलल्यावर ‘बैनू?’, म्हणजे ‘आहे का?’. आणि दिवसभर सगळ्याला ‘जा’ (जाळ्यातला ज), म्हणजे ‘बरं’. गवताळ माळावरच्या तंबूजवळ जाताना मात्र आधी ‘नॉख्वै खॉर्यो’ ओरडायचं: कुत्रं धरा.

शब्दसंपत्तीत मराठी माणसाला संस्कृतचा धागा सापडतो, बौद्ध ग्रंथांच्या वाटेने वेश बदलून आलेला. ग्रहांची नावं पाहा. मंगळ ‘आंगाराग’, म्हणजे अंगारकी चतुर्थीतला अंगारक. गुरू ‘बार्खास्बाद’, बृहस्पती. शुक्र ‘सुगार’, शनी ‘सान्छिर’, बुध ‘बुद’. पुण्याला ‘बुयान’, कवितेला ‘शुलेग’ (श्लोक), क्षणाला ‘आग्शिन’, खंडाला ‘थिव’ (द्वीप), अवकाशाला ‘सान्सार’. रत्नाचं ‘एर्देने’ झालं कारण अस्सल मंगोल शब्द र ने सुरू होत नाही. त्याच नियमाने रशियाला ‘ऑरॉस’ म्हणतात. वारांची रोजची नावं मात्र तिबेटीतून आली आहेत: ‘दावाऽ, म्याग्मार, ल्खाग्वा’ अशी सोमवारपासून.

उभी लिपी मी सहा महिन्यांनी घेतली आणि त्याआधी घेऊ नये असंच माझं मत आहे. कारण ती आजच्या उच्चाराची नाही. कित्येक शतकांपूर्वीचं रूप ती तशीच जपते. ‘बाऽथार’ (वीर) लिहायचं ‘बागातुर’. ‘ऊल’ (डोंगर) लिहायचं ‘आगुला’. ‘खाऽन’ (सम्राट) लिहायचं ‘कागान’. ‘माख’ (मांस) लिहायचं ‘मिका’. कान तयार असला की यात शिस्त दिसते: आजचा लांब स्वर भेटला की जुन्या लेखनात बहुतेक वेळा दोन स्वरांमध्ये एक ग निघतो. नियम पाठ असला की न पाहिलेल्या शब्दाचंही निम्मं लेखन बरोबर येतं. कान कच्चा असताना हीच लिपी शिकली तर माणूस ‘बागातुर’ बोलायला लागतो.

ओळ वरून खाली, आणि ओळी डावीकडून उजवीकडे. लिपी सोग्दी आणि उइगुर या मध्य आशियातल्या जुन्या लिप्यांच्या वाटेने आली. १२०४ मध्ये नायमान टोळीचा पाडाव झाल्यावर पकडलेल्या ताता तुंगा नावाच्या लेखनिकाकडून चंगीझ खानाने ती आपल्या लोकांना शिकवायला लावली, अशी नोंद सांगतात. अक्षरांच्या तुकड्यांना शरीराची नावं आहेत: ‘थिथिम’ मुकुट, ‘नुरू’ पाठीचा कणा, ‘शुद’ दात, ‘गेदेस’ पोट, ‘शिल्बे’ नडगी, ‘सूल’ शेपूट. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे नुसता मुकुट, ‘आ’ म्हणजे मुकुट आणि एक दात, ‘इ’ म्हणजे मुकुट आणि नडगी, ‘ऑ’ किंवा तिरपा उ म्हणजे मुकुट आणि पोट, त्यालाच नडगी जोडली की पट्ट्याचा ओ किंवा सरळ उ. ऑ आणि उ लिहिताना एकच, त आणि द बऱ्याच ठिकाणी एकच. शब्द माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही. मोडी वाचणाऱ्याला हे निराळं सांगायला नको.

चुका दातांच्या मोजणीत होतात. शब्दाच्या मध्ये ‘आ’ला एक दात, ‘न’ला एक दात, ‘ग’ला दोन. म्हणजे ‘ना’ आणि ‘ग’ दोन्ही दोन दातांचे. फरक टिंबांचा: स्वराआधीच्या न ला कण्याच्या डावीकडे एक टिंब, ग ला दोन. जुन्या हस्तलिखितांत टिंबं गाळलेली असतात, मग मागचापुढचा शब्दच वाट दाखवतो. सरावाला सर्वांत स्वस्त साहित्य म्हणजे तुग्रीकच्या नोटा. त्यांवर उभी लिपी छापलेली असते आणि काय लिहिलंय हे आकड्यावरून आधीच माहीत असतं. १ जानेवारी २०२५ पासून मंगोलियात सरकारी कागदपत्रं दोन्ही लिप्यांत काढायची आहेत, त्यामुळे वाचायला मजकूरही वाढला आहे.

टंकलेखनात दोन खड्डे आहेत. सिरिलिकसाठी रशियन कळफलक घेतला तर सरळ उ आणि पट्ट्याचा ओ उमटतच नाहीत. मंगोल कळफलकच निवडायचा. त्यावर अक्षरांची जागा रशियनपेक्षा वेगळी, आणि संगणकावर वरच्या ओळीतले आकडे शिफ्ट दाबल्यावर येतात. उभ्या लिपीचा खड्डा जास्त खोल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या यादीत, ऑ आणि उ यांना वेगळे संकेत आहेत, पण पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच पोट. चुकीची कळ दाबली तरी शब्द बरोबर दिसतो, डोळ्यांनी तपासून काही कळत नाही, आणि मग शब्दकोशात शोधलं की ‘सापडला नाही’ येतं. विभक्तीप्रत्यय नामापासून सुटा लिहितात, तिथेही साधी स्पेस दाबली की प्रत्ययाचं पहिलं अक्षर चुकीचा आकार घेतं. त्यासाठी अरुंद, न तुटणारी स्पेस वेगळी आहे. म्हणून शोध फसला की मी आधी शब्द सिरिलिकमध्ये लिहून बघतो, त्यात स्वर कुठला ते पाहतो, आणि मग उभा शब्द कळ मोजत पुन्हा लिहितो.